सिन्नरच्या एका डेअरीत उष्णता येते कुठून, जाते कुठे: एक प्रकरण अभ्यास

डेअरी सिन्नर तालुक्यातली आहे, नाशिकहून तासाभराच्या आत पोचता येईल अशी. मालकांनी नाव देऊ नका म्हटलंय, म्हणून देत नाही. हिशेब डोक्यात राहावा म्हणून आकडेही गोल केले आहेत.

रोजचं दूध 10,000 लिटर. त्यातलं 6,000 लिटर पिशव्यांत भरून जातं, 2,500 लिटरचं पनीर होतं, उरलेल्या 1,500 लिटरचं दही लागतं. दूध दोन वेळा येतं, सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास. शेडच्या मागे ब्रिकेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांवर, चालणारा छोटा बॉयलर आहे. त्याच्या शेजारी ब्रिकेटचा ढीग, आणि ढिगाला लागूनच आईस बँकेचे, म्हणजे बर्फ साठवून त्यावर दूध गार करणाऱ्या टाकीचे, कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर. ही मांडणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मालकांना सोलर हवं होतं, आणि त्याचं कारण शिर्डी. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर 2009 साली 73 शेफलर डिश, म्हणजे ऊन एका जागी गोळा करणाऱ्या आरशांच्या मोठ्या थाळ्या, बसवल्या आणि उन्हाच्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक व्हायला लागला. सिन्नर-शिर्डी रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने ते पाहिलेलं असतंच. "आपल्याला पण वाफच लागते ना? मग त्यांच्याकडे होतं ते आपल्याकडे का नाही?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. टेबलावर तीन कोटेशनं आधीच पडलेली होती: एक वाफेच्या डिशचं, एक 4,000 लिटरच्या सोलर वॉटर हीटरचं आणि एक उन्हावर थंडावा तयार करणाऱ्या व्हॅम मशीनचं.

त्यांचे वडील, ज्यांना सगळी डेअरी अण्णा म्हणते, ते तिथेच बसले होते. ते म्हणाले, "सोलर घ्या नाहीतर नका घेऊ. पण आधी मला सांगा, रोजचं तीनशे किलो जळण जातं कुठं?"

आम्ही अण्णांच्या प्रश्नापासून सुरुवात केली.

जळतं किती, लागतं किती

उष्णता किलोकॅलरीत मोजली की मालकांना ती विजेच्या बिलाशी जोडता येत नाही. म्हणून गरम असो की गार, सगळं युनिटमध्येच मांडलं. 1 युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. ब्रिकेटची उष्णता किलोला साधारण 4,000 किलोकॅलरी धरली, म्हणजे किलोमागे 4.65 युनिट. 300 किलो ब्रिकेट म्हणजे रोज जवळजवळ 1,400 युनिट उष्णता बॉयलरच्या तोंडात जाते.

आता दुसरी बाजू. सगळं दूध पाश्चरायझरमधून जातं. 4 अंशांवरचं दूध 72 अंशांपर्यंत चढवून 15 सेकंद धरायचं आणि पुन्हा खाली आणायचं. यात आत येणारं गार दूध आणि बाहेर जाणारं गरम दूध प्लेटच्या दोन बाजूंनी वाहतं आणि एकमेकांना उष्णता देतं, त्यामुळे 85 टक्के काम फुकट होतं. बाहेरून द्यावे लागतात फक्त दहा अंश. 10,000 लिटरला ते 115 युनिट होतात. पनीरच्या 2,500 लिटरला मात्र हा फायदा मिळत नाही. ते वॅटमध्ये, म्हणजे पनीरचं दूध तापवायच्या मोठ्या भांड्यात, 4 अंशांवरून 85 अंशांवर न्यायचं तर 228 युनिट. कॅन आणि क्रेट धुवायला, आणि पाईप-टाक्या न उघडता जागच्या जागी धुवायला, म्हणजे सीआयपीला, मिळून रोज 4,000 लिटर पाणी 75 अंशांचं लागतं. बोअरचं पाणी 25 अंशांचं धरलं तर ते 233 युनिट. दह्याचं दूध 90 अंशांपर्यंत चढवावं लागतं, त्याचे आणखी तीसेक. बेरीज 606.

जळतात 1,400 आणि कामाला येतात 600. म्हणजे शंभरातले त्रेचाळीस.

उरलेले सत्तावन्न कुठे जातात हे पाहायला यंत्र लागलं नाही. वाफेच्या पाईपवरचं ग्लासवूल दोन ठिकाणी उघडं पडलं होतं. वॅटच्या खालचा स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त तिचं झालेलं पाणी पुढे सोडणारी झडप, उघडाच अडकला होता, त्यामुळे वाफ पाणी न होता थेट पुढे निसटत होती. कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं नव्वद अंशांचं स्वच्छ मऊ पाणी, गटारात जात होतं आणि बॉयलरला बोअरचं गार, जड पाणी नव्याने पाजलं जात होतं. बॉयलरवरचे मामा म्हणाले, "ट्रॅपचं मी दिवाळीपासून सांगतोय." खरंच सांगत होते, रजिस्टरमध्ये नोंद होती.

यात नवीन काही नाही. कुठल्याही जुन्या वाफेच्या प्लँटमध्ये हेच दिसेल, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. ट्रॅप बदलले, पाईप झाकले, कंडेन्सेट परत फीड टाकीत आणलं. खर्च 1.8 लाख. त्रेचाळीसचे पंचावन्न झाले.

चार अंशांना नेलेलं दूध पुन्हा पंच्याऐंशीला

मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग हा वाटतो, आणि यात एकही यंत्र विकत घ्यावं लागलं नाही.

शेतकऱ्याचं दूध कॅनमध्ये 32 अंशांच्या आसपास येतं. ते लगेच 4 अंशांवर आणायचं हा डेअरीचा पहिला धडा, कारण गरम दुधात जंतू वाढतात आणि दूध फाटतं. या डेअरीत हा धडा इतका पक्का होता की पनीरचं दूधही त्याच रांगेत उभं राहायचं. सकाळी आठला आलेलं दूध 32 वरून 4 अंशांवर जायचं, पाश्चरायझरमधून 72 वर चढून परत 4 वर यायचं, सायलोत, म्हणजे साठवणीच्या मोठ्या टाकीत, थांबायचं. दुपारी पनीरवाले काका आले की तेच दूध वॅटमध्ये 85 पर्यंत तापायचं. म्हणजे एकाच दुधाला आधी वीज खर्चून गार केलं, मग ब्रिकेट जाळून गरम केलं, आणि हे एकदा नाही, दोनदा.

पनीरचं दूध 85 अंशांपर्यंत जाणारच आहे. मग त्याला वेगळं पाश्चराइज कशाला करायचं? आणि लगेच वॅटमध्ये जाणार असेल तर गार तरी कशाला करायचं?

उत्तर होतं, काका दुपारी येतात म्हणून. पनीरची पाळी पूर्वी कधीतरी दुपारची ठरली, तेव्हा पनीर थोडंच व्हायचं, आणि मग ती तशीच राहिली. तांत्रिक कारण एकच निघालं आणि ते लॅबकडून आलं. पनीरसाठी फॅट एका प्रमाणात आणावं लागतं, ते सायलोतल्या मिसळलेल्या दुधात सोपं जातं. कॅनमधून आलेल्या दुधाचं फॅट घटकेघटकेला बदलतं. तोडगा असा निघाला की सकाळच्या ज्या दोन रूटचं दूध रोज जवळपास सारखं असतं तेच वॅटकडे वळवायचं, वॅट भरल्यावर एक नमुना काढायचा आणि लागलं तर क्रीम किंवा स्किम दूध घालून जमवायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

2,500 लिटर दुधाचे 28 अंश गार करायचे वाचले, तेच 28 अंश गरम करायचे वाचले. प्रत्येकी 79 युनिट. पाश्चरायझरचा वळसा टळला त्याचे प्रत्येकी 29. म्हणजे रोज 108 युनिट उष्णता आणि 108 युनिट थंडावा, दोन्ही बाजूंनी. खर्च म्हणाल तर स्टेनलेसचा थोडा पाईप, एक व्हॉल्व्ह, आणि काकांची पाळी सकाळी सातची. काका आधी नाराज होते. दुपारी दोनला घरी जायला मिळतं हे कळल्यावर त्यांनीच दुसऱ्या वॅटचं वेळापत्रक बसवून दिलं.

एका गोष्टीचं पथ्य मात्र कडक ठेवावं लागतं. वीज गेली, वॅट बंद पडला किंवा काका आले नाहीत, तर ते दूध ताबडतोब कूलरकडे वळलं पाहिजे. अर्धा तासाच्या वर ते गरम थांबता कामा नये. तशी पाटीच वॅटवर लावली आहे.

भिंतीपलीकडचा बॉयलर

आता गार करणारी बाजू. सुरुवातीला तिचा हिशेब असा होता: आलेलं दूध थंड करायला 315 युनिट, पाश्चरायझरनंतरचे 115, दही 43 वरून खाली आणायला 64, पनीर गार पाण्यात बुडवायला 22, आणि कोल्ड रूमच्या भिंती-दारांतून शिरणारी उष्णता शंभरेक. एकूण 616 युनिट थंडावा. त्यासाठी कॉम्प्रेसर रोज 240 युनिट वीज खात होते.

थंडावा तयार होत नसतो, उष्णता उचलून दुसरीकडे टाकली जाते. दुधातून आणि कोल्ड रूममधून उचललेले 616 आणि कॉम्प्रेसरला दिलेले 240, असे मिळून 850 च्या वर युनिट रोज कंडेन्सरच्या पंख्यांतून सिन्नरच्या माळावर उडून जात होते. आणि भिंतीच्या अलीकडे मामा 233 युनिटचं पाणी तापवायला ब्रिकेट घालत होते.

मालकांना मी एवढंच म्हटलं, "दादा, तुमच्याकडे दोन बॉयलर आहेत. एकाला तुम्ही जळण घालता, दुसऱ्याला पंखा लावून हवा घालता."

ही फेकलेली उष्णता पुरी वापरता येत नाही. बहुतेक भाग 40-45 अंशांवर बाहेर पडतो, त्यावर 75 अंशांचं पाणी होणार नाही. पण कॉम्प्रेसरमधून निघणारा गॅस सुरुवातीला बराच तापलेला असतो, आणि कंडेन्सरमध्ये द्रव होण्याआधीचा तो पहिला उतार वेगळा काढून घेता येतो. त्यासाठी कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर यांच्या मध्ये एक छोटा हीट एक्स्चेंजर बसतो, त्याला डीसुपरहीटर म्हणतात. एकूण फेकलेल्या उष्णतेच्या 15 टक्के त्यातून मिळाले तरी भरपूर. अन्नाच्या प्लँटमध्ये तो दुहेरी भिंतीचाच घ्यायचा, म्हणजे आतली प्लेट फुटली तर गॅस आणि तेल पाण्यात न जाता बाहेर गळतं आणि दिसतं. पहिल्या कोटेशनमध्ये साधा एकेरी होता, तो परत पाठवला.

पण हे बसवण्याआधी कंडेन्सरकडे पाहावं लागलं. मांडणी आठवते ना? ब्रिकेटचा ढीग आणि कंडेन्सर शेजारी शेजारी. कंडेन्सरच्या जाळीत बोट फिरवलं की तपकिरी भुश्याचा जाड थर निघायचा. वर पश्चिमेचं ऊन थेट अंगावर. मार्चमधल्या दुपारी हेड प्रेशरचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसच्या दाबाचा, काटा 290 पीएसआयवर. हे मशीन आर-22 वर चालतं, आणि त्या गॅससाठी 290 म्हणजे 53 अंशांच्या वर द्रव होणं. जाळी उलट्या बाजूने पाण्याने धुतली, ढीग शेडच्या दुसऱ्या टोकाला हलवला, आणि कंडेन्सरवर हवा अडणार नाही अशा उंचीवर पत्रा टाकला. काटा 240 च्या आसपास आला, म्हणजे 45 अंशांच्या जवळ. द्रव होण्याचं तापमान एक अंश खाली आलं की वीज साधारण दोन-तीन टक्के वाचते. इथे आठ अंश उतरले. हिशेबात आम्ही सावधपणे 15 टक्केच धरले, कारण रात्री आणि थंडीत फरक कमी पडतो. निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत सिन्नरलाही कंडेन्सरला फारसं काम नसतं.

एवढं झाल्यावर डीसुपरहीटरला मिळणारी उष्णता थोडी घटली, हे ओघानेच आलं. गार करायचं दूध कमी झालं, वीजही कमी लागते. मग फेकली जाणारी उष्णता 850 वरून 690 च्या आसपास आली. तिचे 15 टक्के म्हणजे रोज 100 युनिट. 4,000 लिटर पाणी त्यावर 25 वरून 46-47 अंशांपर्यंत चढतं. उरलेला चढ वाफेने. इन्सुलेट केलेली 2,000 लिटरची टाकी, एक्स्चेंजर, पंप मिळून 3 लाख.

पाणी जड असल्याने सॉफ्टनर आधी लागतो. ज्यांनी तो वाचवला त्यांच्या प्लेटा क्षारांनी चोंदलेल्या मी जिल्ह्यात इतरत्र पाहिल्या आहेत.

एक प्रयोग फसला तोही सांगतो. पनीर काढल्यावर 2,000 लिटरच्या वर निवळी 65 अंशांची निघते आणि ती थेट सांडपाण्यात जाते. तिची उष्णता पुढच्या खेपेच्या दुधाला द्यावी म्हणून प्लेट लावून पाहिली. निवळीतले पनीरचे बारीक कण गाळणीतूनही निसटतात, प्लेटा तासाभरात चिकटतात, आणि त्या उघडून धुवायला जेवढं गरम पाणी लागतं त्यात वाचवलेलं निम्मं जातं. मोठ्या प्लँटमध्ये निवळीसाठी सेपरेटर असतो, तिथे हे जमतं. इथे नाद सोडला.

आता सोलर

वर्ष-दीड वर्ष ही कामं टप्प्याटप्प्याने झाली आणि मग तीन कोटेशनं पुन्हा उघडली.

डिशचं कोटेशन आधी बाजूला गेलं. शिर्डीचं काम चांगलं आहे, पण तिथलं गणित वेगळं. प्रसादालयात मोठा स्वयंपाक भर दिवसा चालतो, ऊन असतं तेव्हाच वाफ लागते. डेअरीत वाफेची धांदल सकाळी सात ते अकरा आणि मग रात्री. भर दुपारी वाफ तयार झाली तर ती ठेवायची कुठे? शिवाय डिशला थेट ऊन लागतं, ढगातून झिरपणारा उजेड तिच्या कामाचा नाही. पावसाळ्यात सिन्नरला पाऊस बेताचा पडतो, ढग मात्र महिनोन् महिने असतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिर्डीत डिशने वाचवला तो एलपीजी. इथे वाचणार होतं स्वस्तातलं ब्रिकेट.

व्हॅमचं कोटेशन कागदावर फार देखणं होतं. गरम पाणी घालायचं आणि गार पाणी काढायचं, कॉम्प्रेसरच नाही. ऊन जितकं कडक तितका थंडावा जास्त, हे ऐकायला फारच गोड. ऑफिस, हॉटेल, हॉस्पिटलच्या एसीसाठी, विशेषतः जिथे फुकटची गरम धूर-वाफ आहे तिथे, हे यंत्र खरंच चांगलं. पण लिथियम ब्रोमाइडच्या व्हॅममध्ये उष्णता उचलणारा पदार्थ पाणीच असतं, त्यामुळे ते शून्याखाली जाऊ शकत नाही. बर्फ बनवणार नाही. ज्या डेअरीचं सगळं काम आईस बँकेवर आहे तिला त्याचा उपयोग नाही. वर एका युनिट उष्णतेमागे थंडावा मिळतो 0.7 युनिट, आणि त्यासाठी पाणी 85-90 अंशांचं लागतं. विक्रेत्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. कदाचित त्याला विचारलंही नव्हतं.

राहिलं सोलर वॉटर हीटर. इथे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत.

4,000 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 80 चौरस मीटर फ्लॅट प्लेट कलेक्टर लागतात. त्यातून स्वच्छ उन्हाच्या दिवशी 163 युनिट उष्णता मिळते. किंमत सांगितली होती 8.5 लाख. ही उष्णता किती पैशांची? आधी बॉयलर शंभरात त्रेचाळीस कामाचे काढत होता आणि ब्रिकेट 7 रुपये किलो पडत होतं, तेव्हा कामाला येणारं एक युनिट 3.50 रुपयांना पडायचं. रोज 570 रुपये वाचले असते, ढगाळ दिवस न धरता चार वर्षांत पैसे वसूल. वाईट नाही. पहिल्या दिवशी सही झाली असती तर कुणी चूक म्हणालं नसतं.

आता पाईप झाकलेत, ट्रॅप बदललेत, बॉयलर पंचावन्न काढतो. तेच युनिट 2.75 रुपयांच्या आत पडतं. पाणीही कलेक्टरकडे 25 अंशांचं येत नाही, 47 चं येतं. म्हणजे 60 पर्यंत जायला तेरा अंशच उरले, साधारण 60 युनिट. रोजचे 165 रुपये. वसुली चौदा वर्षांवर गेली. पाणी आणखी तापवून 75 पर्यंत नेऊ म्हटलं तर कलेक्टर जितका गरम चालतो तितकी उष्णता काचेतून बाहेर गमावतो. व्हॅक्यूम ट्यूब त्यात बऱ्या, पण तरी गणित जमत नव्हतं.

मालकांनी विचारलं, "मग सोलर हीटर वाईट का?" अजिबात नाही. हाच हीटर, हेच छप्पर, हेच ऊन, फक्त बॉयलर डिझेलचा असता तर? लिटरभर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट, त्यातले 8 कामाला येतात, 90 रुपये लिटरने युनिट पडतं सव्वाअकरा रुपयांना. 163 युनिट म्हणजे रोज 1,800 रुपयांच्या वर. साडेआठ लाख पंधरा महिन्यांत फिटले असते. विजेच्या गिझरवर चालणाऱ्या वसतिगृहाचं किंवा हॉटेलचंही तेच. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत फॉस्फेटिंगच्या, म्हणजे रंगाआधी धातूवर थर चढवायच्या, टाक्या 50-60 अंशांवर दिवसपाळीत चालतात, तिथेही सोलर गरम पाणी किंवा विजेवर उष्णता एकीकडून उचलून दुसरीकडे देणारा हीट पंप उत्तम बसतो. सोलरची किंमत उन्हावर कमी आणि तुम्ही काय जाळणं थांबवता यावर जास्त ठरते.

मग छप्पर रिकामं ठेवायचं का? तर नाही. या डेअरीत सगळ्यात महाग पडतं ते विजेचं युनिट, त्यांच्या बिलात सरासरी नऊ रुपये. म्हणून पत्र्यावर उष्णतेचे नाही तर विजेचे पॅनल चढले, 30 किलोवॅट. आपल्याकडे किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास, म्हणजे रोज 120.

दूध सकाळ-संध्याकाळ, ऊन दुपारी, ही अडचण इथेही होतीच. पण वाफ साठवता येत नाही तसं थंडाव्याचं नाही. आईस बँक हीच डेअरीची बॅटरी, आणि ती आधीपासून तिथे होती. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उचलतो. दिवसाच्या 508 युनिट थंडाव्यातला निम्मा बर्फात ठेवायचा तर पावणेतीन टन बर्फ पुरतो, आणि त्यांची बँक त्याहून मोठी आहे. तो बर्फ करायला साधारण 90 युनिट वीज लागते, उरलेले 30 दिवसभराच्या पॅकिंग आणि पंपांवर जातात.

टायमर मात्र उलटा फिरवावा लागला. आईस बँक रात्री चालवायची ही वर्षानुवर्षांची सवय, कारण महावितरणच्या औद्योगिक दरात रात्री 10 ते सकाळी 6 ची सवलत असायची. आता सवलत सरकली आहे दिवसाच्या उन्हाच्या तासांकडे, आणि संध्याकाळची वीज महाग झाली आहे. त्यामुळे सोलर नसतं तरी दुपारी बर्फ करणं पैशात फायद्याचं. युनिटमध्ये मात्र तोटा आहे, तो लपवत नाही: मार्च-एप्रिलच्या दुपारी 38 अंशांच्या हवेत कॉम्प्रेसरला रात्रीपेक्षा जास्त ओढावं लागतं. म्हणूनच कंडेन्सरची सावली आणि धुलाई आधी, सोलर नंतर. दुसरं म्हणजे नळ्यांवर बर्फ जितका जाड चढतो तितकं मशीन अवघड चालतं, तेव्हा बँक काठोकाठ भरायची नाही. संध्याकाळच्या दुधापुरता बर्फ झाला की सेन्सर मशीन थांबवतो.

वर्षभरानंतरची रजिस्टरं

ब्रिकेट 300 किलोवरून सरासरी 165 वर आलं आहे. कागदी हिशेब 156 सांगत होता. फरक सुट्टीच्या दिवसांचा, आणि क्रेट धुणारे अजूनही कधीकधी थेट वाफेचं पाणी घेतात त्याचा. रोजचे 945 रुपये, वर्षाचे साडेतीन लाखांच्या जवळ. ट्रॅप, झाकण आणि डीसुपरहीटर मिळून 4.8 लाख गेले होते, ते दीड वर्षाच्या आत परत येतात.

कूलिंगची वीज 240 वरून 180 वर. त्यावर सोलरचे पॅनल वर्षाला 42,000 युनिट देतील असा अंदाज, म्हणजे 3.8 लाख रुपये. खर्च 15 लाखांच्या आत, वसुली चार वर्षांत, आणि आयकरातल्या 40 टक्के घसाऱ्याचा फायदा त्यांच्या सीएने वेगळा घेतला. जुलै-ऑगस्टमध्ये पॅनल निम्म्यावर येतात हे त्यांना आधी सांगितलं होतं. डेअरीवरची धूळ आणि बॉयलरची राख पॅनलवर बसते, ती आठवड्याला धुवावी लागते, आणि धुवायला पाणी सॉफ्टनरचंच, नाहीतर काचेवर पांढरे डाग पडतात.

एक मोठा निर्णय अजून बाकी आहे. आर-22 मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बाद होतोय, भारतासाठी 2030 ही सीमा आहे. हे मशीन तोवर चालेल, पण गॅस दर वर्षी महाग मिळणार. बदलायची वेळ येईल तेव्हा एका बाजूने गार पाणी आणि दुसऱ्या बाजूने 65 अंशांचं गरम पाणी देणारा हीट पंप घ्यावा असं माझं मत आहे. तेव्हा सीआयपीसाठी बॉयलर जवळजवळ लागणारच नाही. मालकांना ते पटतंय, पण त्यांची अट एकच: बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस नाशिकमध्ये मिळाला पाहिजे, पुण्याहून दुसऱ्या दिवशी येणारा नको. दूध दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. अशा मशीनच्या दोन पुरवठादारांशी बोलणं चालू आहे, आणि दोघांनाही पहिला प्रश्न कार्यक्षमतेचा नाही, सर्व्हिस इंजिनिअर कुठे राहतो हाच विचारला आहे.